भास्कराचार्य आणि अबोल संख्या

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौरस दस्तरखान डोळ्यांसमोर आणा. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी तिरकी रेघ किती लांब असेल? शिंप्याची टेप लावली तर ती साधारण १ मीटर ४१ सेंटिमीटर भरेल. पण हे उत्तर अगदी नेमके नाही. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे त्या लांबीचा वर्ग २ यायला हवा. १.४१ चा वर्ग १.९८८१ येतो. तो थोडा कमी पडतो. १.४२ चा वर्ग २.०१६४ येतो. तो थोडा जास्त होतो. १.४१४ घेतले तर १.९९९३९६ येतात. दशांशचिन्हापुढे कितीही अंक वाढवा, नेमके २ कधीच मिळत नाहीत.

अशा संख्येला तुम्ही उर्दूत गैरनातिक म्हणता. नातिक म्हणजे बोलणारा. ३, ७, २/५ या संख्या आपली किंमत स्पष्ट बोलून सांगतात. २ चे वर्गमूळ मात्र कधी पूर्ण बोलत नाही. अशा मुळाला अरबीत आणि उर्दूत असम्म असेही नाव आहे. असम्म म्हणजे बहिरा. मराठीत गैरनातिक संख्येला अपरिमेय संख्या म्हणतात, आणि √२, √३, √५ यांसारख्या मुळांना करणी म्हणतात.

करणी हा शब्द तुम्हांला नवा नाही. जशी करणी तशी भरणी ही मराठी म्हण तुम्ही ऐकली असेल. उर्दूत आपण तीच म्हण जैसी करनी वैसी भरनी अशी म्हणतो. तेथे करणीचा अर्थ आहे कृत्य, म्हणजे केलेले काम. गणितातली करणीही 'करणे' या क्रियेतूनच आली आहे. फार प्राचीन काळी आपल्या देशात यज्ञाच्या वेदी बांधताना दोरीने मापे घेत. जी दोरी बाजू म्हणून धरली असता चौरस तयार होतो, ती चौरस 'करणारी' दोरी म्हणजे करणी. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी दोरी म्हणजे द्विकरणी. आपल्या दस्तरखानाची तिरकी रेघ ही अशी द्विकरणीच आहे.

अशा अबोल संख्यांची बेरीज कशी करावी, वजाबाकी कशी करावी, आणि त्या छेदात येऊन बसल्या तर त्यांना तेथून कसे हलवावे, हे सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका थोर गणितीने आपल्या ग्रंथात व्यवस्थित लिहून ठेवले. त्यांचे नाव भास्कराचार्य. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. म्हणून त्याबद्दल शंका राहत नाही. बाराव्या शतकात आपल्या सोलापुरात सिद्धरामेश्वर होऊन गेले. सिद्धेश्वर तलाव त्यांनीच बांधवला असे मानतात. भास्कराचार्य त्याच शतकातले.

सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी लिहिले आहे. हे गाव आजचे कोणते, याविषयी विद्वानांची वेगवेगळी मते आहेत. काहींनी ते सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले विजापूर मानले. अनेकांनी ते जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण गावाच्या परिसरात असावे असे म्हटले. पाटणचे नाव का पुढे आले, ते आपण पुढे पाहणारच आहोत.

त्यांच्या वडिलांचे नाव महेश्वर. ते ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. त्या काळी ज्योतिषी होण्यासाठी ग्रहांची गती, ग्रहणाची वेळ, सूर्याचा उदय आणि अस्त हे सारे मोजता यावे लागे. म्हणजेच पक्के गणित यावे लागे. भास्कराचार्यांना दूर कोठे शिकायला जावे लागले नाही. वडीलच त्यांचे गुरू झाले. आपण जे शिकलो ते वडिलांकडून, हे त्यांनी आपल्या ग्रंथात आदराने सांगितले आहे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती या भागात अंकगणित आणि भूमिती आहे. बीजगणित या भागात अज्ञात राशींचे गणित आहे. गणिताध्याय आणि गोलाध्याय या भागांत ग्रह, ग्रहणे आणि आकाशाचे गणित आहे. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला. मित्रांनो, या नावातला 'करण' आणि आपली 'करणी' यांची गल्लत करू नका. करणग्रंथ म्हणजे ग्रहांची स्थिती चटकन काढण्याचे सोपे पुस्तक.

वयाची सत्तरी जवळ आली तरी शिकणाऱ्याचे काम सोपे व्हावे म्हणून त्यांनी लेखणी उचलली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बीजगणिताच्या शेवटीही त्यांनी असेच सांगितले आहे की, ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे बीजगणितावरील ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांचे सार काढून आपण हा लहान ग्रंथ शिष्यांसाठी रचला. भास्कराचार्य मोठे गणिती तर होतेच, पण ते हाडाचे शिक्षकही होते.

करणीची सहा कामे

बीजगणित या ग्रंथात आरंभीच्या प्रकरणांमध्ये करणीवर एक प्रकरण आहे. त्याचे नाव करणीषड्विध. षड्विध म्हणजे सहा प्रकारचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ ही ती सहा कामे. साध्या संख्यांवर जी सहा कामे करतात, तीच करणीवरही करता येतात, हा या नावाचा अर्थ. संख्या पूर्ण लिहिता येत नाही म्हणून तिला गणितातून बाहेर काढायचे नाही. तिलाही इतर संख्यांसारखे नियम आहेत.

त्या काळी आपले √ हे चिन्ह नव्हते. भास्कराचार्य संख्येच्या आधी 'क' हे अक्षर लिहीत. क २ म्हणजे आपले √२. ऋण संख्या दाखवण्यासाठी ते अंकावर टिंब देत. साधी संख्या करणीच्या रूपात लिहायची असेल तर तिचा वर्ग करून लिहीत. ५ हवे असतील तर क २५ आणि ३ हवे असतील तर क ९.

आता त्यांचे बेरजेचे उदाहरण पाहा. करणी २ आणि करणी ८ यांची बेरीज किती? घाईने कोणी √१० असे उत्तर लिहील. तुमच्यापैकी काही जण परीक्षेत तसे लिहूनही येतात! पण √२ सुमारे १.४१ आणि √८ सुमारे २.८३ आहे. दोन्ही मिळून ४.२४ होतात. √१० तर ३.१६ च आहे. म्हणजे उत्तर चुकले.

भास्कराचार्यांचा नियम असा: दोन्ही संख्यांची बेरीज करा, ती झाली १०. मग दोन्ही संख्यांचा गुणाकार करा, तो झाला १६. त्याचे वर्गमूळ ४, त्याची दुप्पट ८. आता १० आणि ८ मिळवा, १८ झाले. म्हणून √२ + √८ = √१८. वजाबाकी हवी असेल तर १० मधून ८ काढा, २ उरले. म्हणून √८ − √२ = √२. आज तुम्ही हेच वेगळ्या रीतीने करता. √८ चे सोपे रूप २√२. त्यात √२ मिळवले की ३√२. आणि ३√२ म्हणजेच √१८. वाट वेगळी, मुक्काम एकच.

त्यांनी पुढे करणी ३ आणि २७ दिली आहे. तेथे बेरीज √४८ आणि वजाबाकी √१२ येते. करून पाहा. मग त्यांनी करणी ३ आणि ७ विचारली आहे. गुणाकार २१ आला. २१ चे पूर्ण वर्गमूळ मिळत नाही. आता काय करायचे? काहीच करायचे नाही. √३ + √७ हेच उत्तर. त्या दोघींना तसेच शेजारी शेजारी ठेवायचे. आज आपण म्हणतो की √२ आणि √८ या सजातीय करणी आहेत, √३ आणि √७ सजातीय नाहीत. जे एकत्र होत नाही ते ओढूनताणून एकत्र करू नये, हेही गणितात शिकावे लागते.

छेदातली करणी

आता आपण सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. अपूर्णांकाच्या खालच्या संख्येला मराठीत छेद म्हणतात, उर्दूत नसबनुमा. छेदात करणी असेल तर तिला तेथून काढायचे, म्हणजे छेद नातिक करायचा. मराठीत याला छेदाचे परिमेयीकरण असे लांबलचक नाव आहे. नाव लांब आहे, काम सोपे आहे.

भास्कराचार्यांचा नियम असा: भाजकात दोन करणी असतील तर त्यांतल्या एकीचे चिन्ह उलटे करा. धन असेल तर ऋण आणि ऋण असेल तर धन. त्या नव्या राशीने भाज्य आणि भाजक दोघांनाही गुणा. भाजकात दोनपेक्षा जास्त करणी असतील तर हेच पुन्हा पुन्हा करा, शेवटी भाजकात एकच पद उरेपर्यंत. हा नियम त्यांच्या आधी सुमारे पाचशे वर्षे, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनीही दिला होता. भास्कराचार्यांनी तो शिष्यांसाठी उदाहरणे देऊन मांडला.

त्यांनी दिलेले एक उदाहरण आजच्या चिन्हांत असे आहे:

(√९ + √४५० + √७५ + √५४) ÷ (√१८ + √३)

पाहिल्याबरोबर छातीत धडकी भरते. पण घाबरू नका. भाजकातील √३ चे चिन्ह उलटे करा. √१८ − √३ ही राशी मिळाली. आज तुम्ही या दोघींना अनुबद्ध जोडी म्हणता. आता वर आणि खाली हिनेच गुणा. खाली (√१८ + √३)(√१८ − √३) = १८ − ३ = १५. दोन्ही करणी गेल्या! छेद बोलू लागला. वर गुणाकार केला की आठ पदे येतात. त्यांतली चार एकमेकांना काटून नाहीशी होतात. उरलेल्या पदांची बेरीज ७५ + १५√३ येते. तिला १५ ने भागा. उत्तर आले ५ + √३.

एवढ्या मोठ्या पसाऱ्याच्या पोटात इतके छोटे उत्तर दडले होते. ते बाहेर काढायला फक्त एक चिन्ह उलटे करावे लागले.

हे सारे कशासाठी?

तुम्ही विचाराल, सर, छेदात करणी राहिली तर काय बिघडते? प्रश्न चांगला आहे. त्याचे एक उत्तर खुद्द लीलावतीत आहे.

तेथे एका काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही लहान बाजू सव्वातीन, म्हणजे १३/४, आहेत. कर्ण काढायचा आहे. आपल्या दस्तरखानाचाच हा प्रश्न, फक्त माप बदलले. कर्णाचा वर्ग १६९/८ येतो. म्हणजे कर्ण √(१६९/८). याला १३/√८ असेही लिहिता येईल. पण मग १३ ला २.८२८४२७... अशा न संपणाऱ्या संख्येने भागावे लागेल. हाताने भागाकार करणाऱ्याची काय दशा होईल?

भास्कराचार्य म्हणतात, अंश आणि छेद यांचा गुणाकार करा. १६९ × ८ = १३५२. आता कर्ण झाला √१३५२ भागिले ८. छेद साधा ८ झाला. करणी वर गेली. वर असलेली करणी त्रास देत नाही. तिची किंमत जितकी बारीक हवी तितकी काढता येते. त्यासाठी १३५२ ला एका मोठ्या वर्गसंख्येने, १०,००० ने, गुणा. १,३५,२०,००० झाले. त्याचे जवळचे वर्गमूळ ३६७७. त्याला ८ × १०० म्हणजे ८०० ने भागा. उत्तर ४ पूर्णांक ४७७/८००. दशांशात ते ४.५९६२५ होते. आजच्या कॅलक्युलेटरवर ४.५९६१९ येतात. पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या रीतीने आलेल्या उत्तरात एक दशसहस्रांशाचाही फरक नाही.

आज कॅलक्युलेटर आहे, म्हणून ही रीत टाकून द्यावी का? आणखी एक उदाहरण पाहा. १/(√२ − १) याची किंमत काढायची आहे. कोणी म्हणाले, √२ म्हणजे साधारण १.४ धरू. छेद ०.४ झाला. उत्तर २.५. आता दुसऱ्याने आधी छेद नातिक केला. वर आणि खाली √२ + १ ने गुणले. खाली २ − १ = १ आले. उत्तर √२ + १. त्यानेही √२ साठी १.४ च धरले. त्याचे उत्तर २.४. खरी किंमत २.४१४२... आहे. पहिल्याची चूक सुमारे ०.०८६, दुसऱ्याची फक्त ०.०१४. दोघांनीही √२ साठी १.४ च वापरले. तरी पहिल्याची चूक दुसऱ्याच्या सहापट झाली.

यातला धडा नीट समजून घ्या. अंदाज करायला गणितात बंदी नाही. पण तो शेवटच्या पायरीवर करावा. आधीच अंदाज केला आणि मग त्याने भागाकार केला, तर लहान चूक मोठी होऊन बसते. म्हणून करणीला करणी म्हणूनच जपायचे, नियमाने सोपी करायची, छेदातून वर आणायची, आणि अगदी शेवटी तिची किंमत लिहायची.

भास्कराचार्यांना याची गरज होती. ग्रहांच्या गणितासाठी कोनांच्या ज्या लागतात. १८ अंशांच्या कोनाची ज्या काढताना ५ चे वर्गमूळ येते. आजच्या पद्धतीने ती (√५ − १)/४ अशी लिहितात. भास्कराचार्यांनी ही ज्या अशाच नेमक्या रूपात दिली आहे. येथे आरंभीच चूक राहिली, तर तीच पुढे ग्रहणाच्या वेळेपर्यंत जाते. सांगितलेल्या वेळी ग्रहण लागले नाही, तर लोक गणितीवर कसा विश्वास ठेवतील?

पाटणची पाठशाळा

मित्रांनो, ग्रंथ लिहिला म्हणून तो टिकतोच असे नाही. त्या काळी छापखाने नव्हते. कोणीतरी शिकवावे लागे, कोणीतरी हाताने नकलून घ्यावे लागे. ही साखळी तुटली की ज्ञान संपले.

भास्कराचार्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर यांना देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारात विद्वान म्हणून बोलावले. लक्ष्मीधरांचे चिरंजीव चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी पाटण येथे एक मठ, म्हणजे पाठशाळा, स्थापन केली. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत यासाठी. त्यासाठी मिळालेल्या दानाचा शिलालेख तेथे कोरला गेला. त्यावर शके ११२८ चा उल्लेख आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. त्यांत लिहिले आहे की, बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा ठरावीक हिस्सा मठाला द्यावा, आणि जितके तेलाचे घाणे चालतात तितक्यांमागे पळी पळी तेल द्यावे.

विचार करा. तेली, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्या वाट्यातून एक गणिताची शाळा चालत होती. त्या तेलाच्या दिव्यापाशी बसून कोणी विद्यार्थी √२ आणि √८ यांची बेरीज पाठ करत असेल. हा शिलालेख मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात जगासमोर आणला. त्यामुळेच पाटणचे नाव भास्कराचार्यांशी जोडले गेले.

संस्कृतातून फारसीत

पुढची गोष्ट तुम्हांला विशेष आवडेल. १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील मोठा कवी फैजी याने लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. लीलावतीबद्दलची प्रसिद्ध कथा त्याच्याच प्रस्तावनेतून सर्वत्र पसरली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा एकच मुहूर्त होता. तो चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. त्याच्या तळाला बारीक छिद्र होते. ती वाकून पाहत असता तिच्या वस्त्रावरचा एक मोती त्यात पडला. छिद्र बंद झाले, पाणी आत येईना, आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहून तिचे नाव अमर केले. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. म्हणून तिला दंतकथा समजूनच वाचावे. मात्र लीलावतीतील अनेक उदाहरणे एका हुशार मुलीला उद्देशून विचारली आहेत, हे खरे.

फैजीने अंकगणित नेले. करणीचे प्रकरण ज्या बीजगणितात आहे, ते फारसीत नेले अताउल्लाह रशीदी याने. हे काम शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झाले. अताउल्लाह हा ताजमहालाच्या बांधकामाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. तो स्वतःही वास्तुकार होता. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबाद शहरातील बीबी का मकबरा तुम्ही सहलीत पाहिला असेल. त्याच्या दारावर वास्तुकार म्हणून अताउल्लाहचे नाव आहे. त्याच्यासोबत हंसपतराय याचेही नाव आहे. घुमट उभारणाऱ्या माणसाला करणीचे गणित का आवडले असेल, हे दस्तरखानाची तिरकी रेघ मोजल्यावर तुम्हांला सहज कळेल.

अताउल्लाहच्या फारसी भाषांतरावरून १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची याने बीजगणित इंग्रजीत आणले. १८१७ मध्ये कोलब्रुक याने मूळ संस्कृतावरून इंग्रजी भाषांतर केले. अशा रीतीने सह्याद्रीच्या परिसरात लिहिलेला ग्रंथ साऱ्या जगाला वाचायला मिळाला.

शब्दांचाही प्रवास पाहा. भास्कराचार्य हयात होते त्याच शतकात युरोपात अरबी गणिताची भाषांतरे लॅटिनमध्ये चालली होती. अरबी असम्म या शब्दासाठी तेथे बहिरा या अर्थाचाच लॅटिन शब्द आला. त्यावरून इंग्रजीत करणीला सर्ड म्हणू लागले. अरबीत ती बहिरी, उर्दूत ती न बोलणारी, मराठीत ती चौरस करणारी. नावे वेगळी, स्वभावही वेगवेगळे सांगितले. पण √२ चा वर्ग कोणत्याही भाषेत २ च येतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गणित उर्दूत शिकता. उद्या महाविद्यालयात तेच गणित मराठीत किंवा इंग्रजीत समोर येईल. तेव्हा नसबनुमा या शब्दाऐवजी छेद हा शब्द दिसला म्हणून गोंधळू नका. फैजीने आणि अताउल्लाहने एका भाषेतले ज्ञान दुसऱ्या भाषेत नेण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यांतले थोडे तुम्हीही घ्या. तुमच्या वहीत एका बाजूला उर्दू शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहीत जा. आणि छेदात करणी दिसली की घाबरून पान उलटू नका. एक चिन्ह उलटे करा, वर आणि खाली गुणा. अबोल संख्या वर येऊन बसेल, आणि खालचा छेद तुमच्याशी स्पष्ट बोलू लागेल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भास्कराचार्यांचा जन्म कोणत्या साली झाला?
(आ) त्यांचे गुरू कोण होते?
(इ) पाटणच्या पाठशाळेची स्थापना कोणी केली?
(ई) बीजगणित या ग्रंथाचे फारसी भाषांतर कोणी केले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) करणी हे नाव कसे पडले?
(आ) करणी ३ आणि करणी ७ यांची बेरीज एका करणीत का लिहिता येत नाही?
(इ) अंदाज शेवटच्या पायरीवर का करावा?

३. खालील शब्दांचे अर्थ उर्दूत लिहा.
छेद, वर्गमूळ, अपरिमेय, भाषांतर, शिलालेख, पाठशाळा

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
छातीत धडकी भरणे, गल्लत करणे, लेखणी उचलणे

५. करून पाहा.
(अ) √३ + √२७ ही बेरीज भास्कराचार्यांच्या नियमाने करा.
(आ) १/(√३ − √२) या अपूर्णांकाचा छेद नातिक करा.